मुरलेल्या वाईनची आंधळी कोशिंबीर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलोय ते तुम्हालाही कळेल. तुम्ही दोघं इंग्लंडमधल्या रेडिंगला राहता. येत्या नोव्हेंबरात एका शनिवारी सहा मित्रांना जेवायला बोलावलंय, म्हणजे पानं आठ. जिन्याखालच्या कपाटात पंधराएक वर्षं जपलेल्या बाटल्या एकदाच्या उघडायच्या आहेत, त्याही लेबल झाकून. बाटल्या सहा: फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या पॉयाक गावच्या दोन, १९९६ आणि २०००, बोर्डोचीच आणखी एक, २००३ची, स्पेनच्या रियोहा भागाची २००१ची ग्रान रेसेर्वा, इटलीची २००४ची बारोलो, आणि जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची २००५ची रीसलिंग. तुमच्या यजमानांना प्रत्येक वाईनला शंभरपैकी गुण द्यायचेत आणि शेवटी निकाल जाहीर करायचाय. तुमच्या मनात तांबडा-पांढरा रस्सा आहे. बाटल्या कधी उघडायच्या, किती ओतायची, आणि पाहुण्यांची परीक्षा न होता मजा कशी यायची, एवढं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षाच्या घरातला. गेली बावीस वर्षं लंडनमध्ये जुन्या वाईनची खरेदी-विक्री करतो. अशी जेवणं किती घातली याचा हिशेब नाही, फसलेली मात्र सगळी लक्षात आहेत.

गुणांचं आधी मिटवून टाकू. गुण नकोत.

लेबल झाकण्यात ताकद आहे हे खरं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन-दुकानदाराने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या बाटल्या झाकून ठेवल्या, आणि रेडमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची १९७३ची स्टॅग्ज लीप. त्यावर फ्रेंच बाजूचं उत्तर ठरलेलं होतं: आज गोड लागते हो, पण मुरणार नाही. २००६ मध्ये त्याच रेड वाईन लंडन आणि नापा अशा दोन्हीकडे एकाच दिवशी पुन्हा झाकून चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. सगळ्यांत वर आली १९७१ची रिज माँते बेल्लो, जी तीस वर्षांपूर्वी पाचवी होती. तुमच्या यजमानांनी हा किस्सा ऐकलेला असणार. गुणांची हौस बहुधा तिथूनच येते. पण तिथे परीक्षक त्याच कामाला बसले होते. तुमच्याकडे आठ माणसं असतील, भुकेलेली, त्यातल्या एखाद्याला सर्दी, आणि बाटल्यांवर तुम्हा दोघांचा जीव. एका जेवणात एका मित्राने आपल्या लग्नाच्या वर्षाची बाटली आणली होती. आठांपैकी सात जणांनी तिला शेवटचा नंबर दिला. झाकण काढल्यावर त्याच्या बायकोकडे बघवेना. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर नंबर लागत नाहीत.

दुसरं कारण वाईनमध्येच आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. तरुण वाईन ओळखणं सोपं असतं, कारण प्रत्येकीचं फळ वेगळं. वीस-पंचवीस वर्षांनी ते फळ ओसरतं आणि खाली जे उरतं ते सगळीकडे बरंचसं सारखं: वाळलेली पानं, चामडं, तंबाखू, अळिंबी, ओली माती. म्हातारपणी भावंडं एकमेकांसारखी दिसायला लागतात तसंच. बोर्डो, रियोहा, बारोलो या तिघी एका ओळीत ठेवल्या आणि पाहुण्यांना नुसतं विचारलं की ‘ओळखा’, तर सगळे जण ‘जुनी आहे’ एवढंच म्हणतील आणि ओशाळतील. म्हणून झाकायचं जरूर, पण प्रश्न असा विचारायचा की उत्तर ग्लासात सापडेल.

यासाठी ऑस्ट्रेलियाच्या लेन इव्हान्सने काढलेला ‘ऑप्शन्स गेम’ मला सगळ्यांत आवडतो. एकाने प्रश्न विचारायचा आणि पर्याय द्यायचे; बाकीच्यांनी त्यातला एक निवडायचा. उदाहरणार्थ: ही फ्रान्स, स्पेन की इटली? उत्तर स्पेन. आता, २०००च्या आधीची की नंतरची? उत्तर नंतरची. आता, हिचं पिंप अमेरिकन ओकच्या लाकडाचं की फ्रेंच ओकच्या? मूळ खेळात चुकला तो बाद. घरी बाद करू नका. बरोबर उत्तराला एक काजू द्या, चुकलेल्यानेही खेळत राहायचं. यात गंमत अशी की ज्याला काहीच कळत नाही तोही जवळजवळ निम्म्या वेळा बरोबर येतो, आणि जाणकाराची हमखास एकदा तरी फजिती होते. हॅरी वॉ नावाचे जुने, नावाजलेले इंग्रज वाईन व्यापारी होते. त्यांना कुणीतरी विचारलं, तुम्ही बोर्डोला बरगंडी (फ्रान्सच्याच दुसऱ्या भागाची वाईन) समजलात असं शेवटचं कधी झालं? ते म्हणाले, आज दुपारच्या जेवणानंतर तरी नाही. हा किस्सा सुरुवातीलाच सांगून टाका, सगळ्यांचे खांदे सैल होतात.

प्रश्न विचारणारा एकच हवा आणि त्याला सगळं माहीत हवं. ते काम तुम्ही घ्या. यजमानांना खेळू द्या, गुणांची हौस तिथे भागेल. एक नियम मात्र कडक पाळा: ज्याला सगळ्यांत जास्त कळतं त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. जाणकाराने ‘मला चामड्याचा वास येतोय’ म्हटलं की पुढच्या सातही जणांना चामडंच येतं. आधी कागदावर दोन शब्द लिहायचे, मग बोलायचं, आणि सुरुवात टेबलावरच्या सगळ्यांत नवख्या माणसापासून. शब्द आपले वापरू द्या. इंग्रजी पुस्तकांतला ब्लॅककरंट आपल्यापैकी बहुतेकांनी आइस्क्रीममध्येच खाल्लेला असतो. जुन्या रियोहाला माझी मावशी ‘खोबऱ्याची वाटी आणि खारीक’ म्हणाली होती. यापेक्षा चांगलं वर्णन मी व्यापाऱ्यांच्या तोंडूनही क्वचितच ऐकलंय. अमेरिकन ओकच्या पिंपातून येणारा तो खोबऱ्याचा वास हीच जुन्या वळणाच्या रियोहाची खूण. तिला एका शब्दात सगळं कळलं होतं.

आता पर्याय ठरवताना कशावर भर द्यायचा? वास मुरतो आणि बदलतो, सांगाडा फारसा बदलत नाही. आंबटपणा जवळजवळ तसाच राहतो, तुरटपणा हळूहळू मऊ होतो, आणि अल्कोहोल जेवढं होतं तेवढंच असतं. म्हणून मुरलेली वाईन नाकापेक्षा हिरड्यांनी ओळखायची. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची. रंग विटकरी, फिका, बघून वाटतं की ही नाजूक असणार, आणि तोंडात घेतली की कच्चं जांभूळ चावल्यासारखे दात आंबतात, हिरड्या आवळतात. रंग आणि तुरटपणा यांचा हा बेबनाव दुसऱ्या कुठल्या जुन्या वाईनमध्ये इतका स्पष्ट दिसत नाही. वास सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा. मे महिन्यातला डांबरी रस्ता आठवा. रियोहा याच्या उलट, मऊ, गोडसर, कुठे टोचत नाही. ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान पाच वर्षं घरात ठेवून मगच बाजारात आणलेली, त्यातली किमान दोन वर्षं पिंपात, त्यामुळे ती मुळातच मुरून बाहेर पडते. बोर्डो या दोघींच्या मधली: पॉयाकची असेल तर त्यात काबर्ने सोव्हिन्याँ द्राक्ष जास्त, पेन्सिलीच्या टोकासारखा आणि देवदाराच्या लाकडासारखा वास, आणि सरळ पाठीचा ताठपणा.

एकदम चार बाटल्या पुढे ठेवू नका. जोड्या लावा. माणसाला तुलना जमते, एकटी वस्तू ओळखणं जमत नाही.

पहिली जोडी पांढऱ्यांची. तुमची रीसलिंग आहेच. तिच्या जोडीला ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीची दहाएक वर्षांची सेमियाँ विकत घ्या, इंग्लंडमध्ये चांगल्या दुकानात मिळते. ही जोडी मी मुद्दाम सुचवतोय. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो, खरोखरचा रॉकेलचा, वातीच्या स्टोव्हची आठवण यावी इतका. तो दोष नाही. टीडीएन नावाचं संयुग मुरताना तयार होतं त्याचा तो वास. आणि हंटरची सेमियाँ लाकडाच्या पिंपात न जाताही दहा वर्षांनी भाजलेल्या पावाच्या वासाची होते. तेव्हा पर्यायांतला प्रश्न: या दोघींपैकी लाकडाच्या पिंपातून कोण आली? जवळजवळ सगळे सेमियाँकडे बोट दाखवतात. तिथे हसू फुटतं आणि संध्याकाळ सुरू होते.

दुसरी जोडी पॉयाकची, १९९६ आणि २०००. इथे फार लपवू नका. सांगून टाका की दोन्ही एकाच गावच्या, वर्षं ही दोन. मग विचारा, यातली थोरली कोणती? १९९६ हे पॉयाकसारख्या नदीच्या डाव्या काठच्या गावांना उत्तम गेलं होतं, काबर्ने छान पिकली आणि आंबटपणाही टिकला. त्या ताजेपणामुळे थोरली धाकटीसारखी वाटू शकते. २००० भरदार, रुंद. मी स्वतः ही जोडी दोनदा उलटी ओळखलीय.

तिसरी जोडी रियोहा आणि बारोलो, मुख्य जेवणाबरोबर. इथे प्रश्न देशाचे विचारा आणि पर्यायांत बोर्डोही टाका, म्हणजे मघाची चव आठवावी लागते.

२००३ची बाटली मी जोडीत का घेतली नाही? तुम्ही लिहिलंय की ती ठाण्याला वडिलांसाठी भेट म्हणून नेली होती, दोन उन्हाळे शोकेसमध्ये उभी होती, कुणी उघडली नाही म्हणून परत आणली. २००३ हे आधीच युरोपातल्या त्या भयंकर उन्हाळ्याचं वर्ष, वाईन मुळात मवाळ आणि पिकलेली. वर ठाण्याचे दोन मे महिने. बाटली हातात घेऊन बघा. कॅप्सूलखाली, म्हणजे बुचावरच्या पातळ वेष्टनाखाली, चिकट ओघळ आहे का, बूच काचेच्या कडेच्या वर आलंय का, वाईनची पातळी मानेतून खाली खांद्यापर्यंत उतरलीय का. यातलं काहीही दिसलं तर ती वाईन उकडलेली आहे असं समजा, म्हणजे वासाला उकळलेल्या मनुकांसारखी आणि तोंडात सपाट. तिला राखीव ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. उष्णतेने सुधारणारी म्हणून प्रसिद्ध वाईन म्हणजे मदीरा. पोर्तुगालच्या त्या बेटावरची पिंपं जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून पूर्वेकडे जायची, न विकता परत आलेली आणखी चांगली लागते असं लक्षात आलं, आणि मग मुद्दाम फेरी मारून आणलेल्या पिंपांना जास्त भाव येऊ लागला. बोर्डोला मात्र असा परदेशप्रवास झेपत नाही.

खरा राखीव म्हणून एक वेगळी, बरी, पंधरा वर्षांच्या आतली बोर्डो विकत घेऊन ठेवा. जुन्या बाटल्यांत एखादी खराब निघणं हा अपघात नाही, तो खर्चात धरायचा. याच्यावर पुढे येतो.

आता पूर्वतयारी. बाटल्या आडव्या असतील. गुरुवारी सकाळी सगळ्या रेड बाटल्या अलगद उभ्या करून गार, अंधाऱ्या जागी ठेवा. तुरटपणा देणारी द्रव्यं आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, तोच साका. दोन दिवसांत तो खाली बसतो. साका विषारी नसतो, पण कडू आणि वाळूसारखा लागतो, आणि एकदा ढवळला गेला की वाईनची सगळी नजाकत जाते. पाहुणे घरून बाटली आणणार असतील तर ती आदल्या दिवशीच मागवा. गाडीच्या डिकीत हेलकावे खात आलेली पंचवीस वर्षांची बाटली त्या रात्री पिण्याजोगी नसते.

जुनं बूच भुसभुशीत असतं. नेहमीचा स्क्रू त्याच्या मधोमध भोक पाडून बाहेर येतो आणि बूच तिथेच. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो, त्याला इंग्रज ‘बटलर्स थीफ’ म्हणतात. पाती बूच आणि काच यांच्या मधून डोलवत डोलवत खाली उतरवायची आणि पिळत वर काढायची. मोडलंच तर घाबरू नका: उरलेलं आत ढकला आणि मलमलीतून गाळा. मलमल आधी नुसत्या उकळत्या पाण्यातून काढलेली असावी. साबणाचा वास वाईनला पुरतो.

ओतताना बाटलीच्या खांद्यामागे मोबाईलचा टॉर्च उभा करा, मेणबत्तीची रोमँटिक पद्धत विसरा. एकाच संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओता, मध्ये थांबून बाटली सरळ करायची नाही. साक्याची काळी रेघ खांद्यापाशी आली की थांबा. तळाशी अर्धा कप राहील, राहू द्या.

मग रिकामी बाटली पाण्याने विसळून वाईन पुन्हा तिच्यातच भरायची? नाही, कारण आकार चुगली करतो. बोर्डोच्या बाटलीला खांदे असतात, बारोलोची बहुधा उतरती, रीसलिंगची उंच सडपातळ. फॉइल गुंडाळली तरी पाहुण्यांना अर्धं उत्तर दिसतं. त्यापेक्षा एकसारख्या सहा स्वच्छ बाटल्या जमवून त्यांत ओता आणि प्रत्येकीच्या मानेला नंबराची चिठ्ठी रबर बँडने बांधा. तोच नंबर मूळ बाटलीलाही बांधा, आणि मूळ बाटल्या, बुचं, कॅप्सूल सगळं वरच्या खोलीत नेऊन ठेवा. बुचावर नाव आणि वर्ष छापलेलं असतं, ते ओट्यावर विसरू नका. हे इतक्या खुलाशाने सांगतोय कारण एकदा मी नंबर फक्त डिकँटरखालच्या कागदावर लिहिले होते, आणि भाच्याने मदत म्हणून टेबल पुसून कागद नीट चळत करून ठेवले. त्या रात्री आम्ही सगळ्यांनीच खरोखर आंधळी कोशिंबीर खेळली.

वेळ कधीची? सरसकट दोन तास आधी उघडा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांनी तरुण वाईन उघडलेली असते. जुन्या वाईनला हवा औषधासारखी, मोजून. आठला जेवण असेल तर बारोलो साडेपाचला, २०००ची पॉयाक साडेसहाला, १९९६ साडेसातला, रियोहा तेव्हाच. पांढऱ्यांना आधी हवा नको, त्या वाढायच्या ऐन आधी उघडून नंबराच्या बाटल्यांत ओता. ओतताना प्रत्येकीचा एक घोट स्वतः चाखा, कारण खराब बाटली पाहुण्यांसमोर कळण्यापेक्षा साडेपाचला कळलेली बरी.

खराब म्हणजे काय तेही सांगतो. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या कुबट गोणपाटाचा वास आला तर ती बुचामुळे गेलेली आहे. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं ते द्रव्य एका लिटरात काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि हवा लागली की वास कमी होत नाही, वाढतो. शेरीसारखा, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी रंग असेल तर हवा शिरलेली. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास थोडा असला तर चालवून घ्या, फार असेल तर नाही. पण नुसता बंद, धुळकट वास असेल तर तिला लगेच बाद करू नका. वीस वर्षं कोंडलेली बाई दार उघडल्या उघडल्या बोलायला लागत नाही. वीस मिनिटांनी पुन्हा हुंगा.

तापमान: रेड १६ ते १८ अंश, पांढऱ्या १० ते १२. नोव्हेंबरात हीटिंग लावलेल्या तुमच्या दिवाणखान्यात २१-२२ असेल, वर आठ माणसांची ऊब. रेड बाटल्या शेजारच्या गार खोलीत ठेवा आणि ऐन वेळी आणा. ग्लासात गार वाईन गरम होते, गरम झालेली गार होत नाही.

उजेडाबद्दल एक गंमत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्डोमधल्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बेचव लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला फसवतात. पिवळ्या दिव्याखाली तर दहा वर्षांची वाईनही विटकरी दिसते. म्हणून टेबलावर पांढरा कागद आणि डोक्यावर पांढरा उजेड ठेवा. मेणबत्त्या गोडाच्या वेळी लावा. त्याही बिनवासाच्या.

वासाचं प्रकरण आपल्या घरात सगळ्यांत अवघड. दुपारी लसणाची फोडणी दिली असेल तर ती रात्रीपर्यंत पडद्यांत असते. त्या दिवशी स्वयंपाक सकाळी उरकून खिडक्या उघड्या टाका, संध्याकाळची उदबत्ती देवघराचं दार लावून, आणि पाहुण्यांना आधीच सांगा की अत्तर, परफ्यूम नको. गजरा माळून आलेल्या पाहुणीला मी एकदा गजरा फ्रिजमध्ये ठेवायला सांगितला होता; ती अजून मला त्यावरून टोमणे मारते. ग्लासही हुंगून पाहा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा वास धरून ठेवतात. माणशी तीन पुरेत: दोन जोडीसाठी, एक पाण्याला. प्रत्येक जोडीनंतर साध्या पाण्याने विसळून पुन्हा तेच.

किती ओतायची याचं गणित सोपं आहे. ७५० मिलिलिटरमधून साका वजा जाता ७०० धरा, आठ जणांत साधारण ८५ मिलिलिटर. पण पहिल्यांदा ५० ओता. उरलेली उत्तर सांगितल्यावर, लेबल बघत प्यायला. सहा बाटल्या म्हणजे माणशी अर्धा लिटर, ब्रिटिश हिशेबाने (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) सात युनिटच्या आसपास, म्हणजे डॉक्टर आठवड्याला जी १४ युनिटची मर्यादा सांगतात तिच्या निम्मी एका रात्रीत. थुंकायला कागदी, अपारदर्शक पेले ठेवा आणि तुम्ही स्वतः पहिल्यांदा वापरून दाखवा, नाहीतर कुणी हात लावणार नाही. गाडी कुणी आणायची नाही.

उत्तर जोडी संपली की लगेच सांगा. शेवटपर्यंत ताणून धरलं तर दहा वाजता कुणालाच पहिली बाटली आठवत नाही.

जेवण. तांबडा रस्सा त्या रात्री नको, हे लिहिताना माझा हात जड झालाय. मिरचीची जळजळ अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही वाढवून दाखवते. तरुण, फळांनी भरलेली वाईन ते सोसते. जुनीकडे फळ उरलेलं नसतं, तिचं नुसतं हाड लागतं. मी स्वतः १९९०च्या एका सुंदर बोर्डोबरोबर कोल्हापुरी तांबडा वाढलाय, आणि टेबलावरचे सगळे रश्शाची तारीफ करत होते. वाईनबद्दल कुणी बोललंच नाही.

पांढरा रस्सा मात्र होऊ शकतो. हिरवी मिरची वगळा, मिरी अगदी थोडी, खडा मसाला नाममात्र, नारळाचं दूध आणि काजू-खसखस नेहमीप्रमाणे. छोट्या वाट्यांतून, पहिल्या जोडीबरोबर. सेमियाँचा आंबटपणा त्या नारळाच्या चिकटपणाला कापत जातो. पॉयाकच्या जोडीबरोबर नुसता पाव, लोणी आणि लोण्यावर परतलेली अळिंबी. ही चव वाईनमध्ये आधीच आहे, ती फक्त जागी होते. तिसऱ्या जोडीबरोबर मटण: मेंढीचा खांदा आदल्या रात्री मीठ-लसूण चोळून, १५० अंशांवर चार तास, चमच्याने सुटेल असा. तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो म्हणून जीभ कोरडी पडते. मांस आणि मीठ बरोबर असलं की तो टोकेरीपणा बोथट होतो. बारोलोला याची गरज आहे. सोबत ज्वारीची भाकरी चालेल, उत्तम चालेल, ती कुणाच्या मध्ये येत नाही. लोणचं, ठेचा, लिंबू पिळलेली कोशिंबीर, व्हिनेगरचं सॅलड टेबलावर आणू नका. गोड चटणीही नको, गोडाने वाईन आंबट होते.

पण मराठी माणसाला आठ ते दहा दोन तास बिनतिखटाचं बसवलं तर तो मनातून उपाशी असतो. म्हणून वाईन संपल्यावर, साडेदहाला, मसालेभात आणा, वर ठेचा, हवी त्याला गार बिअर. मी हे करायला लागल्यापासून माझी निमंत्रणं कुणी टाळत नाही.

मध्येच कुणीतरी नाशिकची बाटली झाकून ठेवायची टूम काढेल. माझ्या गावाजवळचीच ती, तरी माझा सल्ला नको असाच. आपल्याकडची बहुतेक वाईन लवकर प्यायला केलेली असते. काढणी जानेवारी ते मार्चमधली, ऊन भरपूर. तिला पंचवीस वर्षांच्या पॉयाकशेजारी बसवणं हा तिच्यावरही अन्याय. तिच्यासाठी वेगळी, तरुण बाटल्यांची संध्याकाळ करा, तिथे ती चांगली चमकते.

गोडाबरोबर एक मदीरा ठेवा, बुआल किंवा माम्झी, हे तिचे गोड प्रकार. उघडल्यावर आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे उरण्याची भीती नाही. सगळ्या जुन्या बाटल्यांनी दगा दिला तरी ती देत नाही.

राहिल्या तळाच्या. मुरलेली वाईन दुसऱ्या दिवशी तग धरत नाही, निम्मी बाटली उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी दुपारी संपवा. साक्याचा अर्धा अर्धा कप एकत्र गाळून मटणाच्या ग्रेव्हीत घालता येतो. तांबड्या रश्श्यात घालू नका, मी घालून पाहिलाय.